चौदा खुर्च्यांची खोली

ही हकीकत सांगायचं मी अकरा वर्षं टाळत आलो. पुण्यात कुणी विषय काढला की मी दुसरं काहीतरी काढायचो. झरीहून फोन आला की तब्येतीचं, सोयाबीनचं विचारून ठेवून द्यायचो. अगदीच कोंडीत सापडलो तर एक वाक्य तयार असायचं : "त्या खोलीत आठच खुर्च्या होत्या, काय करणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की कधी कधी मलाच ते खरं वाटतं. ते खोटं आहे. आता माझं वय शहात्तर. डोळ्याचं एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं आहे. वाचता-लिहिता येतं आहे तोवर हे लिहून ठेवतो. झरीतल्या माझ्या माणसांसाठी लिहितो, आणि माझ्यासारखी झरी सोडून गेली त्यांच्यासाठीही. त्यातही माझा भाचा उत्तम, म्हणजे माझ्या आक्काचा मुलगा, यानं हे वाचावं. वाचल्यावर मामाचं तोंड बघू नये असं वाटलं, तर बघू नये.

मी गाव सोडलं त्या सकाळी आक्का आणि मी एका ताटात जेवलो. ताट म्हणजे जर्मनची, ॲल्युमिनियमची ताटली, काठाला एका जागी चेपलेली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आक्का दहा. बाबा दिवसभर दुसऱ्याच्या रानात. तेव्हापासून भाकरी तिनं थापायची, ती ताटलीत कुस्करायची आणि दोघांनी मिळून खायची, हे सुरू झालं. पुढं तिचं लग्न गावातच झालं, चार घरं सोडून. तरी मी जाणार त्या दिवशी ती उजाडताच आली, चूल पेटवली, ज्वारीची भाकरी केली, वर तिळाची चटणी आणि कच्चं तेल घातलं. मी औरंगाबादला डिप्लोमाला चाललो होतो. माझ्याकडं एक पत्र्याची पेटी होती आणि पायात बाबांनी जिंतूरच्या बाजारातून आणलेल्या, एक माप मोठ्या वहाणा.

जिंतूरहून परभणीला जाणारी एसटी आली. बाबा पेटी टपावर चढवत होते, तेव्हा आक्कानं माझं मनगट धरलं. तिनं नीट शीक, पत्र लिही, असलं काही सांगितलं नाही. म्हणाली, "नामा, ध्येनात ठिव. कुनी येगळं बसवलं तर जेवायचं न्हाई. उठून यायचं."

त्या वाक्याला त्या ताटलीचा इतिहास होता. मी सहा वर्षांचा असताना गावातल्या एका मोठ्या घरी लग्न होतं. आमच्या वस्तीला सांगावा आला होता. त्या काळी सांगाव्याचा अर्थ असा, की आपली भांडी घेऊन यायचं, गोठ्याच्या भिंतीपलीकडं बसायचं आणि सगळ्या पंगती उठल्या की वाढतील ते घ्यायचं. आक्का मला घेऊन गेली. ऊन कलेपर्यंत आम्ही बसून होतो. भिंतीपलीकडचं हसणं, बुंदीचा वास, सगळं येत होतं. शेवटी एक माणूस आला. ताटलीला हात लागू नये म्हणून त्यानं लांबूनच पळी उलटी केली. अर्धी बुंदी ताटलीच्या काठावर आपटून मातीत पडली. मी ती वेचायला वाकलो. आक्कानं माझा हात धरला, ताटलीतली बुंदीही तिथंच ओतली आणि मला ओढत घरी आणलं. मी रडत होतो, मला भूक लागली होती. दारातल्या दगडावर तिनं ती ताटली आपटली. काठ चेपला तो तेव्हा. पुढं दोन-एक वर्षांत आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला आणि भांडी घेऊन जाणं कायमचं बंद झालं. बारा वर्षांच्या आक्कानं मात्र ते आधीच बंद केलं होतं.

औरंगाबाद झालं, पुणं आलं. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी ड्रॉइंग ऑफिसला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कुमुदशी लग्न झालं. ती शाळेत शिक्षिका. कोथरूडला फ्लॅट झाला, मग गाडी झाली. माझी भाषा बदलली. 'लय' गेलं, 'खूप' आलं. 'न्हाई' म्हणायला जीभ वळेना. वर्षातून एकदा मी झरीला जायचो. अंगणात बसून आक्का आणि मी त्याच ताटलीत जेवायचो, आणि त्या अर्ध्या तासात माझी जीभ आपोआप जुन्या जागी जायची. मुलगी झाली तेव्हा आत्या म्हणून नाव ठेवायचा मान आक्काचा होता. तिनं सुजाता ठेवलं. बुद्धाला खीर देणारी सुजाता. आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण विहारात ऐकलेलं सगळं तिच्या लक्षात असायचं. ती तेव्हाच म्हणाली होती, हिचं लगीन ठरंल तवा पयला घास मी भरवनार, खिरीचा. तवर कुनी जेवायचं न्हाई.

आता ती खोली ज्या फ्रेंच रेस्टॉरंटात होती, त्याच्याकडं येतो. मुळात ते सुचलं का, हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्या कंपनीचा फ्रान्समधल्या एका कंपनीशी करार होता. मी अडतीस वर्षांचा असताना मला सहा आठवड्यांसाठी ल्यों शहरात पाठवलं. शेवटच्या दिवशी तिथल्या लोकांनी मला एका रेस्टॉरंटात नेलं. पांढरे टेबलक्लॉथ, काचेचे तीन-तीन ग्लास. मी टेबलाजवळ गेलो आणि काळ्या जाकिटातल्या एका वयस्कर वेटरनं माझ्यासाठी खुर्ची मागं ओढली. मी बसलो तशी ती हलकेच पुढं सरकवली. जेवणासाठी कुणी मला असं बसवण्याची ती पहिली वेळ. काय खाल्लं ते फारसं आठवत नाही. कांद्याचं सूप होतं, बदक होतं. पण ती खुर्ची मी विसरलो नाही. मला कुठून आलास हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर 'इंडिया' एवढं पुरलं असतं.

सुजाताचं लग्न तिनंच ठरवलं. मुलगा अनिरुद्ध, तिच्या ऑफिसातला, दुसऱ्या जातीचा. माणसं साधी होती. वडील कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांना आमचं सगळं माहीत होतं, सुजातानं काही लपवलं नव्हतं. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, मला तुमचं झरी बघायचंय, तिकडची काळी जमीन मी पुस्तकातूनच शिकवली. म्हणजे त्यांच्याकडून मला कसलीही भीती नव्हती, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. भीती होती ती माझीच होती, मी घरून आणलेली.

लग्न ठरल्याचं जेवण आमच्याकडून, असं मी जाहीर केलं. जागा निवडायचं काम माझ्याकडं घेतलं. कुमुदनं घरीच करू म्हटलं, मी नाही म्हटलं. सुजाता म्हणाली, एखादं थाळीचं ठिकाण बघा, आत्याला बरं पडेल. मी एक थाळीचा हॉल बघितला. स्वच्छ होता, पण वाढपी 'आमटी, आमटी' करत फिरत होते, तो आवाज ऐकून मी भावही न विचारता बाहेर पडलो. एका हॉटेलातला बुफे बघितला. तिथं ताटं हातात घेऊन रांगेत उभं राहायचं होतं. ती रांग बघून मी दारातूनच परतलो. मग कुणीतरी कोरेगाव पार्कातल्या या रेस्टॉरंटचं नाव सांगितलं. जुना बंगला, दारात मेणबत्त्या, मेन्यू फ्रेंचमध्ये आणि खाली बारीक इंग्रजीत. मी एकटाच दुपारी तिथं गेलो. एका वेटरनं माझ्यासाठी खुर्ची मागं ओढली. निवड तिथंच झाली. बाकीचे पदार्थ, पाच कोर्स की सात, हे सगळं मी नंतर विचारलं.

मॅनेजरनं मला आतली खास खोली दाखवली. एक लांब टेबल, काचेची दारं, भिंतीवर जुने आरसे. त्यानं विचारलं, "सर, किती जण?" मी म्हटलं, अकरा. आम्ही तिघं, अनिरुद्धकडचे पाच, आणि झरीहून आक्का, उत्तम आणि त्याची बायको शोभा. तो खूश झाला. म्हणाला, मग काहीच अडचण नाही, इथं चौदा जण आरामात बसतात.

मी त्या खुर्च्यांकडं बघत उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आक्का पाव सुपात कुस्करते आहे. सूप फुरकते आहे. सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारते आहे, "नामा, ह्ये काय हाय रं?" आणि व्याही हसून उत्तर देत आहेत. त्यांच्या हसण्यात काही वाईट नसेल, हे मला माहीत होतं. तरी ते हसू मला नको होतं. खुर्ची मागं ओढून घेणारा नामदेवराव आणि ताटलीत भाकरी कुस्करणारा नामा हे दोघं एका टेबलावर मला नको होते.

मी मॅनेजरला सांगितलं, "आत आठ बसतील. तिघांची सोय बाहेर करा. त्यांना साधं द्या, सूप, पाव, भाजीचं काहीतरी."

त्यानं पुन्हा विचारलं, "कुटुंबातलेच आहेत ना, सर? सगळे एकत्र बसू शकतील."

मी म्हटलं, "गावाकडचे आहेत."

एवढं त्याला पुरलं. शेवटी मीच त्याला सांगितलं की जास्तीच्या खुर्च्या आतून काढून टाका, मोकळं दिसेल. घरी येऊन म्हणालो, खोली फार सुंदर आहे, पण लहान आहे, आठच जण मावतात. आक्काला बाहेर मोकळं बसायला मिळेल. कुमुद म्हणाली, मग दुसरी जागा बघा. मी म्हटलं, ॲडव्हान्स दिलाय. तोही दिला नव्हता.

आदल्या दिवशी आक्का आली. सोबत पिशवीत उखळात कांडलेले गहू आणि गूळ. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती आणि कुमुद स्वयंपाकघरात होत्या. दोघींचं चांगलं जमायचं. आक्का सांगायची आणि कुमुद ढवळायची. मधेच आक्का तिला चिडवायची, "मास्तरीनबाई, शाळंत पोरास्नी आसंच ढवळाय शिकवता का? तळाला लागायलीय." कुमुद हसत होती. तिचं ते हसणं त्या घरातलं आक्काबरोबरचं शेवटचं. दुपारी खीर आक्कानं झरीहून आणलेल्या डब्यात भरली. आक्का समारंभाला नेसायची ते पांढरं लुगडं नेसली. खीर चालेल का तिथं, असं कुमुदनं मला विचारलं. मी म्हटलं, बघतो. आणि डबा गाडीच्या डिकीत ठेवला.

साडेसातला आम्ही पोहोचलो. वेटर आक्का, उत्तम आणि शोभाला एका बाजूच्या टेबलाकडं घेऊन गेला. आक्काला वाटलं, सगळे जमेपर्यंत तिथं बसायचं असेल. ती शांतपणे बसली. तिच्यासाठीही खुर्ची मागं ओढली गेली असेल, मी बघितलं नाही. मी आत गेलो.

पहिला कोर्स आला. बकरीच्या दुधाचं चीज, बिटाच्या चकत्यांवर. व्याह्यांनी विचारलं, आत्याबाई आल्या नाहीत का, सुजाता सारखं सांगते त्यांच्याबद्दल. मी म्हटलं, आल्यात, त्यांना बाहेर मोकळं बसायला आवडतं. ते उठायला लागले, मी नमस्कार तरी करून येतो म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसवलं. म्हटलं, नंतर, आता जेवण गार होईल. चीज गारच होतं.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. आतून काढलेल्या सहा खुर्च्या त्यांनी बाहेरच्या पॅसेजमध्ये, भिंतीला लावून ठेवल्या होत्या. आक्काच्या टेबलासमोरच. तीच लाल गादी, तीच कोरीव पाठ. काचेच्या दारातून आक्काला आतलं लांब टेबल दिसत होतं, आमच्या खुर्च्यांमधली मोकळी जागा दिसत होती, आणि बाहेर त्या सहा खुर्च्या. उत्तमनं मला हे नंतर फोनवर सांगितलं. तिच्यासमोर सूप आलं होतं. तिनं चमचा उचलला नाही.

ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा आत सूप वाढत होते. कांद्याचंच. सगळे उठले. आक्का टेबलाकडं बघत होती, मग माझ्याकडं बघायला लागली. हळू आवाजात तिनं विचारलं, "ह्ये कुनी ठरवलं, नामा?"

एवढ्या वर्षांत या प्रश्नाची हजार उत्तरं मी मनात दिली आहेत. त्या दिवशी मी म्हणालो, "कुमुदनंच बघितलंय सगळं."

कुमुद माझ्या डाव्या बाजूला उभी होती. तिच्या हातात नॅपकिन होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आक्काकडंही नाही. नॅपकिनची घडी घातली, टेबलावर ठेवली.

आक्का सुजाताजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी ऱ्हा, बाई," म्हणाली. पाहुण्यांना हात जोडले. मग दाराकडं वळली आणि मागं उभ्या उत्तमला म्हणाली, "चल उत्तम. मला आसं बसायची सवय मोडलीय."

सुजाता मागं धावायला निघाली. मी म्हटलं, आत्याला बीपीचा त्रास होतोय, घरी जाऊन पडेल, तू बस. ती बसली. पुढचे पाच कोर्स आम्ही जेवलो. बदक आलं, क्रेम ब्रुले आलं. पहिला घास सुजाताला कुणी भरवला नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती तिघं परभणीला गेली. कुमुद स्टेशनवर यायला निघाली होती. उत्तम म्हणाला, मामी, नका येऊ. ते गेल्यावर कुमुद स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. बराच वेळ तोच ओटा. मग म्हणाली, "माझं नाव घेतलंत ते असू द्या. त्यांना भाऊ तरी राहील."

तिनं ते आक्कासाठी केलं होतं. मी ते माझ्यासाठी वापरलं. अकरा वर्षं वापरलं.

तिसऱ्या दिवशी गाडीची डिकी उघडली तर आंबूस वास. खिरीच्या डब्याचं झाकण फुगलं होतं. मी तो बाथरूममध्ये नेऊन ओतला आणि स्वतः घासला. कुमुदला दाखवला नाही.

सुजाताच्या लग्नाला झरीहून कुणी आलं नाही. आक्कानं उत्तमच्या हाती चोळीचा खण आणि साडी पाठवली, तो बाहेरच्या बाहेर देऊन गेला. गावात जे पसरायचं ते पसरलं : पुण्याच्या बाईनं नणंदेला येगळं बसवलं. आपल्या वस्तीत याच्याएवढा वाईट शब्द नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. एखाद्यानं शिवी दिली तर लोक विसरतील. हे विसरत नाहीत, आणि विसरूही नये. फक्त तो चुकीच्या माणसाच्या नावावर गेला. नाव मी दिलं होतं.

तीन वर्षांनी आक्का आजारी असल्याचं कळलं आणि मी एकटाच झरीला गेलो. तोच खिरीचा डबा सोबत घेतला. रिकामा डबा परत देत नाहीत म्हणून परभणीला उतरून त्यात पेढे भरले. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. आक्का, मला तुझ्याशी बोलायचंय. आक्का, ते रेस्टॉरंट मी निवडलं होतं. कितव्या वाक्याला ती मला थांबवेल, हेही ठरवून ठेवलं होतं.

ती अंगणात बाजेवर होती. वाळून लहान झाली होती. माझ्या तोंडावरून हात फिरवला, "लय बारीक झालास," म्हणाली. जेवणाची वेळ झाली. मी सवयीनं तिच्याशेजारी खाली बसायला लागलो, तशी तिनं सुनेला हाक मारली. शोभानं आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पुढं टेबल ठेवलं, त्यावर धुतलेला टॉवेल अंथरला. स्टीलचं नवं ताट. चमचासुद्धा.

मी म्हटलं, "आक्का, तुझ्या ताटात बसू दे की."

"नगं रं," ती म्हणाली. "तुला खुर्ची बरी. गुडघं दुखत्याल तुझं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो धरून बोलायला सुरुवात केली असती. तिनं मनापासून माझी सोय केली होती. ती, उत्तम, शोभा, सगळे खाली गोल करून बसले. आक्काच्या पुढ्यात ती चेपक्या काठाची ताटली होती. मी पाच पावलांवर, खुर्चीवर, एकटा. मला पहिल्यांदा वाढलं. सगळ्यात चांगलं वाढलं. मला उठून यायला हवं होतं, तिनंच शिकवलं होतं. पण उठून कुठं जायचं हे मला कळलं नाही. मी जेवलो.

जेवण झाल्यावर शेजारची बाई आली, मग कुणी दुसरं आलं, कापसाच्या गोष्टी निघाल्या. बसची वेळ झाली. आक्का काठी टेकत दारापर्यंत आली. पेढे दुसऱ्या भांड्यात काढून डबा माझ्या हातात परत दिला, म्हणाली, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मग थोडं थांबून म्हणाली, "कुमुदला सांग, माज्या मनात तिच्याबद्दल काय बी न्हाई. खीर तिनं चांगली केली हुती. तळाला लागू दिली न्हाई." आणि माझ्याकडं बघत राहिली.

आज मला खात्री आहे की तिला ठाऊक होतं. कदाचित त्या दारातच कळलं असेल. ती बघत होती ते मी बोलावं म्हणून. तिनं दार उघडून धरलं होतं, मला फक्त पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, "सांगतो." आणि फाट्याकडं चालायला लागलो.

कुमुदला मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी आक्का गेली. जलदानविधीला कुमुद माझ्यासोबत आली. बायका तिच्यापासून सरकून बसल्या. जेवणाच्या वेळी कुणीतरी तिचं ताट बाजूला, गोठ्याच्या भिंतीजवळ मांडलं. एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुन्याच्या बाईला आपल्यात बसाय जड जातंय." कुमुद मुकाट्यानं तिथं जाऊन बसली. जेवली नाही, पण उठलीही नाही, कारण ती माझ्यासाठी आली होती. मी पुरुषांच्या पंगतीत दहा पावलांवर होतो. मेलेल्या बहिणीनं दिलेला एक निरोप माझ्याकडं होता, तो तिथं मोठ्यानं सांगितला असता तर कुमुदला त्या भिंतीजवळून उठवून बायकांनी मधे बसवलं असतं. मी मान खाली घालून वरण-भात खाल्ला.

त्यानंतर कुमुद झरीला गेली नाही. मी दोनदा गेलो. मला खुर्ची देतात. चहा कपबशीत देतात, स्वतः पेल्यातून पितात. उत्तम मामा म्हणतो, गाडीपर्यंत सोडायला येतो, आणि 'मामी कशा आहेत' हा प्रश्न विचारत नाही. पुण्यात मी ज्या सोसायटीत राहतो तिथं मी परभणीकडचा, आणि झरीत पुण्याचा. याची मी तक्रार करत नाही. हे सगळ्यांचंच होतं, जे गेले त्या प्रत्येकाचं. पण बाकीच्यांना निदान एक जागा असते जिथं खाली बसलं की कुणीतरी सरकून जागा देतं. माझ्यापुरती ती जागा म्हणजे जर्मनच्या ताटलीचा अर्धा भाग होता. मागच्या खेपेला मी ताटलीची चौकशी केली. शोभा म्हणाली, आत्याबाईंची भांडी मोडीत घातली, मामा, जुनीच होती.

गेल्या महिन्यात मी कुमुदला आक्काचा निरोप सांगितला. ती भाजी निवडत होती. हात थांबले. "कधी म्हणाल्या होत्या?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मनात वर्षं मोजली असावीत. मग जलदानविधीचा दिवस आठवला असावा, कारण तिचा चेहरा तसा झाला. म्हणाली, "मग त्या दिवशी मी भिंतीजवळ का बसले होते?" हे सगळं लिहून झरीला पाठवतो, असं म्हणालो. ती म्हणाली, "पाठवा. पण मला वाचून दाखवू नका." आता आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवतो. ती तिचं वाढून घेते, मी माझं.

उत्तम, हे वस्तीत वाचून दाखव. तुझ्या मामीला नावं ठेवणाऱ्या त्या म्हातारीला मुद्दाम ऐकव, जर ती असेल. त्यानं माझं काही सुटेल असं मला वाटत नाही. ज्या एका माणसाला हे सांगायचं होतं त्याच्यापर्यंत आता टपाल जात नाही. तरी बसमध्ये जुळवलेली आणि अंगणातून तशीच परत आणलेली वाक्यं इथं लिहितो, म्हणजे ती निदान कुठंतरी असतील.

आक्का, त्या खोलीत चौदा खुर्च्या होत्या. आपण अकरा होतो. सहा खुर्च्या मी बाहेर काढायला लावल्या. कुमुदला यातलं काही माहीत नव्हतं. तुला येगळं मी बसवलं, आक्का. म्या बसवलं. माझं चुकलं.